गडी उठवणारी पोरं

३१ ऑगस्ट २०१४ हा रविवार होता, गणपतीचा तिसरा दिवस. रत्नागिरीच्या दक्षिणेला असलेल्या पावसमध्ये, आमच्या घरी, त्या संध्याकाळची आरती नेहमीपेक्षा लवकर उरकली. मुंबईहून आलेले चाकरमानी, शेजारच्या वाडीतली पोरं आणि भजनासाठी मृदंग घेऊन आलेले दोघे असे सगळे ओटीवर टीव्हीसमोर दाटीवाटीने बसले होते. प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना मुंबईत वरळीला चालू होता. एका बाजूला यू मुंबा, दुसऱ्या बाजूला जयपूर पिंक पँथर्स. यू मुंबाचा कर्णधार अनुपकुमार बाद होऊन बाहेर बसला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अनुप बसला. आता संपलं."

आमचे थोरले काका भिंतीला टेकून बसले होते. तरुणपणी लालबागच्या एका गिरणीत साचे चालवलेला आणि गिरणीच्या संघातून हुतूतू खेळलेला माणूस. ते म्हणाले, "बसला तर काय झालं? उठवायला पोरं हायत की."

त्या रात्री पोरांना ते जमलं नाही. जयपूरने ३५-२४ असा सामना जिंकला. पण काकांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. हुकमी खेळाडू आणि त्याच्या भोवतालची कोवळी पोरं यांच्याबद्दल जगभरचे प्रेक्षक बोलत असतात. बास्केटबॉलच्या संघातला लांबून अचूक बास्केट टाकणारा खेळाडू असो की फुटबॉलचा गोल करणारा असो, चर्चा हीच असते की हा किती दिवस टिकेल आणि याच्यामागे कोण आहे. पण त्या खेळांत हुकमी खेळाडू बाकावर बसला, तर त्याला परत आणायचं की नाही हे प्रशिक्षक ठरवतो. कबड्डीत ते प्रशिक्षकाच्या हातात नसतं. बाद झालेला मोठा खेळाडू तेव्हाच परत येतो, जेव्हा मैदानात उरलेला एखादा साधा खेळाडू प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद करतो. हे नातं नियमाने बांधलेलं आहे, आणि तो नियम घडण्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. या नात्याचं गेल्या शंभर वर्षांत काय झालं, ते इथे पाहायचं आहे.

तीन प्रकारचे हुतूतू

आपल्याकडे हा खेळ हुतूतू, बंगालमध्ये हा-डू-डू, तमिळ मुलखात चेडुगुडु. नावं निराळी होती तसे नियमही निराळे होते. १९१८ च्या सुमारास महाराष्ट्रात हुतूतूचे नियम ठरवण्याचं काम सुरू झालं. १९२३ मध्ये ते छापून आले आणि त्याच वर्षी बडोद्याला अखिल भारतीय स्पर्धा झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यांत हाही खेळ होता. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक सामन्यांत त्याला जागा मिळाली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि कबड्डी हे नाव देशभर रूढ झालं.

या काळात खेळाचे तीन प्रकार प्रचलित होते: संजीवनी, गनिमी आणि अमर. वरवर पाहता हा फरक तांत्रिक वाटतो. पण प्रत्येक प्रकारात मोठ्या खेळाडूचं स्थान वेगळं होतं, आणि त्यामुळे प्रेक्षकांच्या बोलण्याचा विषयही वेगळा होता.

अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे. त्याच्या नावावर बाद झाल्याची नोंद होई, प्रतिपक्षाला गुण मिळे आणि तो पुन्हा खेळायला मोकळा. इथे हुकमी खेळाडू कधीच दिसेनासा होत नाही. पोरांनी काही केलं काय, न केलं काय, तो मैदानात आहेच.

गनिमी प्रकार याच्या उलट. बाद झालेला गडी बाहेर गेला की एका बाजूचे सगळे गडी बाद होईपर्यंत तो बाहेरच. इथे हुकमी खेळाडू चढाईला पाठवताना कर्णधाराला दहादा विचार करावा लागे. तो गेला तर त्या डावापुरता गेलाच, मागे राहिलेल्यांनी त्याच्याशिवाय झुंजायचं.

संजीवनीत मधला मार्ग निघाला. प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की आपला एक गडी उठतो, म्हणजे जिवंत होऊन परत मैदानात येतो. आज जगभर जी कबड्डी खेळली जाते ती या संजीवनीची वारस आहे. संघात सात जण मैदानात, बाकीचे राखीव. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. सगळे गडी बाद झाले की लोण, त्याचे दोन गुण वेगळे, आणि सगळा संघ पुन्हा उभा.

या नियमात दोन बारकावे आहेत. जुन्या प्रेक्षकांना ते तोंडपाठ असतात, नव्यांच्या लक्षात येत नाहीत. पहिला, गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने उठतात. आधी बसलेला आधी उठतो. कर्णधाराला वाटलं म्हणून हुकमी खेळाडूला रांग मोडून आत घेता येत नाही. त्याच्याआधी एखादा नवखा कोपरा रक्षक बसला असेल, तर तो आधी उठणार. दुसरा, बोनसने गडी उठत नाही. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना चढाई करणाऱ्याने बोनस रेषा ओलांडली तर एक गुण मिळतो, पण त्या गुणाने बाहेर बसलेला कुणी परत येत नाही. गडी उठवायचा असेल तर समोरच्याला हात लावून, लाथ मारून किंवा घरात आलेल्याची पकड करून बाद करावंच लागतं.

गुणफलकावर बोनसचा गुण आणि गडी बाद केल्याचा गुण सारखेच दिसतात. मैदानात ते सारखे नसतात. पावसच्या ओटीवर एखाद्या तरुण चढाईपटूने तीनदा लागोपाठ बोनस घेतला की काका वैतागून म्हणत, "गुण घेतोयस रे, पण गडी कुठं उठतोय?"

गिरणगावातले गडी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाचं मुंबईशी नातं जुनं आहे. गिरण्यांत काम करणाऱ्यांत या जिल्ह्यातून गेलेल्यांची संख्या फार मोठी होती. गावचे लोक लालबाग, परळ, शिवडी, वरळीच्या चाळींत एकत्र खोली करून राहत. पाळीनुसार झोपत, खानावळीत जेवत, आणि गावाच्या नावाने मंडळ चालवत. त्या मंडळांचं भजन असे, गणपती असे आणि बहुधा एक कबड्डी संघही असे.

कबड्डी या जगात रुजली याचं कारण साधं आहे. तिला काही लागत नाही. दोन चाळींमधली मोकळी जागा, चाळून पसरलेली माती, रेषा आखायला फक्की आणि संध्याकाळनंतर दोन-चार दिवे. पाळी संपवून आलेला कामगार रात्री दहालाही खेळू शकत असे. गिरण्यांचे, रेल्वेचे, बंदराचे, बँकांचे संघ उभे राहिले. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांत ते एकमेकांशी भिडू लागले. चांगला खेळाडू दिसला की त्याला नोकरी मिळे. त्या काळात व्यावसायिक खेळाडू या शब्दाचा अर्थ हाच होता: ज्याला खेळामुळे नोकरी लागली तो. खेळासाठी वेगळे पैसे नसत. हजेरीत थोडी सवलत, स्पर्धेच्या दिवसांत भरपगारी सुट्टी आणि नोकरीची शाश्वती एवढीच कमाई.

शंकरराव साळवी, म्हणजे बुवा साळवी, यांच्यासारख्या संघटकांनी याच मातीतून खेळाची राज्यभर आणि देशभर बांधणी केली. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. मुंबईचे सदानंद शेट्ये आणि पुण्याच्या शकुंतला खटावकर यांना कबड्डीसाठी अर्जुन पुरस्कार मिळाले ते सत्तरच्या दशकात. पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत कबड्डीचं प्रदर्शन झालं आणि १९९० मध्ये बीजिंगला ती पदकाचा खेळ झाली.

पण गिरणगावातला प्रेक्षक ज्या खेळाडूंबद्दल बोलत असे, त्यांतले बहुतेक अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचणारे नव्हते. ते शेजारच्या चाळीतले होते. हुकमी चढाईपटू कुणाचा मुलगा, कुठल्या खात्यात कामाला, काल त्याचा गुडघा का सुजला होता, हे सगळ्यांना ठाऊक. संघात नवा आलेला पोरगा कुठल्या गावचा, त्याला कुणी आणला, हेही ठाऊक. काका सांगत की ते स्वतः कधीच हुकमी खेळाडू नव्हते. ते डाव्या कोपऱ्यात उभे राहत आणि चवडा पकडत. त्यांच्या संघात एक नामांकित चढाईपटू होता. तो बाहेर बसला की संघाचं सगळं लक्ष पुढच्या पकडीवर. "आमचं काम एकच. त्याला उठवायचं. तो उठला की टाळ्या त्याला." हे ते तक्रार म्हणून सांगत नसत. कामाची वाटणी कशी होती एवढंच सांगत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, पण गिरण्या एकेक करून संपल्या. काका त्या वर्षी पावसला परतले आणि आंब्याच्या बागेत राबू लागले. गिरण्यांबरोबर गिरण्यांचे संघ गेले. मैदानं आकसली. कबड्डी संपली नाही. उपनगरांतल्या मंडळांनी, पोलीस, बँका, पेट्रोलियम कंपन्या यांच्या संघांनी ती तगवली. पण गावातून निघालेल्या पोराने चाळीतल्या खोलीत उतरायचं, मंडळातून खेळायचं आणि खेळावर नोकरी मिळवायची, ही मळलेली वाट अरुंद झाली.

यू मुंबाचे हंगाम

२६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला तो वरळीच्या बंदिस्त स्टेडियमवर. जिथे दोन पिढ्यांनी मातीत अंग घासलं त्या गिरणगावाच्या कुशीलाच, पण आता खाली मॅट आणि वर झगझगीत दिवे. यू मुंबाने जयपूरला ४५-३१ असं हरवलं. पावसमध्ये तेव्हा भाताची लावणी आटोपत आली होती आणि पाऊस कोसळत होता. संध्याकाळी बाहेर पडून करण्यासारखं काही नव्हतं. टीव्हीवर कबड्डी लागते ही बातमी वाडीत एका दिवसात पसरली.

यू मुंबाचा हुकमी खेळाडू अनुपकुमार हा हरियाणातल्या गुडगावजवळच्या पालरा गावचा. त्याचा मुंबईशी काही संबंध नव्हता. तरी महिन्याभरात तो पावसमध्ये 'आपला अनुप' झाला. याचं कारण त्याच्या खेळण्यात होतं. तो घाई करत नसे. तोंडावर राग दिसत नसे. मध्यरेषेपासून संथपणे आत जायचा, बचावपटू हलायची वाट पाहायचा आणि बोनस घेऊन परतायचा. त्याला 'बोनसचा बादशहा' म्हणत. पहिल्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. काकांना तो आवडे, पण बोनसवरून त्यांचं आणि पोरांचं वाजे. पोरं म्हणत, गुण मिळाल्याशी कारण. काका म्हणत, कर्णधाराने गुण घ्यावेत, पण गडी उठवणारे दुसरे हवेत.

ते दुसरे होते रिशांक देवाडिगा आणि शब्बीर बापू. रिशांक मुंबईतच वाढलेला. त्याच्या वाट्याला अनेकदा तिसरी चढाई येई. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद. हुकमी खेळाडू गमावू नये म्हणून संघ बहुतेक वेळा अशा चढाईला दुसऱ्या कुणाला पाठवतो. मेला तर तो मेला, मोठा वाचला. रिशांक अशा चढाईतून गडी मारून परत येई तेव्हा ओटीवर जो आरडाओरडा होई, तो अनुपच्या बोनसला कधी झाला नाही.

२३ ऑगस्ट २०१५ ला यू मुंबाने बंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून विजेतेपद मिळवलं. ५ मार्च २०१६ ला, शिमग्याच्या तोंडावर, तिसऱ्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पाटणा पायरेट्सकडून ३१-२८ अशी हार झाली. पाटण्याकडे प्रदीप नरवाल नावाचा कोवळा चढाईपटू होता. आदल्या हंगामात तो बंगळुरूत असताना त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. तीन हंगाम, तीन अंतिम सामने, एक विजेतेपद. त्यानंतर उतरण लागली. चौथ्या हंगामात यू मुंबा पाचवा आला आणि पाचव्यातही बाद फेरी गाठू शकला नाही.

याच वर्षांत अनुपच्या नेतृत्वाखाली भारताने ऑक्टोबर २०१६ मध्ये अहमदाबादला इराणला ३८-२९ असं हरवून विश्वचषक जिंकला. म्हणजे खेळाडू म्हणून तो संपला नव्हता. पावसची चर्चा मात्र वेगळ्या दिशेने वळली होती. अनुप बसला की पूर्वी लवकर उठे, आता त्याला बाहेर फार वेळ बसावं लागतं, हे सगळ्यांना दिसत होतं. २०१७ मध्ये रिशांक उत्तर प्रदेशच्या नव्या संघाकडे, यूपी योद्धाकडे, गेला होता. गडी उठवणारा गेला आणि बसणारा राहिला, असं कुणीतरी म्हणालं ते खोटं नव्हतं.

लिलाव

इथे लिलावाचा विचार करावा लागतो. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा खेळाडू होता राकेशकुमार, १२ लाख ८० हजार रुपये. २०१७ मध्ये नितीन तोमरला ९३ लाख मिळाले. २०१८ मध्ये कोटीची रेषा ओलांडली गेली. मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख, रिशांकला १ कोटी ११ लाख, आणि यू मुंबाने इराणचा बचावपटू फझल अत्राचली १ कोटीला घेतला. २०२३ पर्यंत पवन सेहरावतची बोली अडीच कोटींच्या वर गेली.

या पैशाने खेळाडूंचं भलं झालं, यात शंका नाही. गुडघा गेला की नोकरीवर निमूट खाली मान घालून बसणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, ते या रकमांकडे तुच्छतेने पाहू शकत नाहीत. पण लिलावात बोली लागते ती चढाईच्या गुणांवर आणि पकडींच्या संख्येवर. टीव्हीवर आकडेवारी दाखवतात तीही तीच. किती चढाया, किती यशस्वी, किती बोनस. या गड्याने आपल्या संघातल्या कुणाला उठवलं, यासाठी तिथे रकाना नसतो.

२०१८ च्या लिलावात यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना एक नवा चढाईपटू घेतला. सिद्धार्थ देसाई, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. त्याच वर्षी जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्राने रिशांकच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्या संघात तो होता. ऑक्टोबरमध्ये लीग सुरू झाली तेव्हा पावसमध्ये भाताची कापणी चालू होती. उंचापुरा, हात लांब, ताकदीने तिघांना ओढत मध्यरेषेवर येणारा हा पोरगा पाहून वाडीतल्या पोरांना आपण स्वतःच खेळतो आहोत असं वाटू लागलं. त्या हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. कर्णधार इराणचा, हुकमी चढाईपटू चंदगडचा, आणि दोघेही आपले. ऑगस्टमध्ये आशियाई खेळांच्या उपांत्य फेरीत इराणने भारताला हरवलं होतं. त्या संघातल्या फझलचा राग कोकणातल्या ओटीवर दोन महिन्यांत विरून गेला.

डिसेंबर २०१८ च्या अखेरीस कोचीला बाद फेरीचा सामना होता. यू मुंबासमोर यूपी योद्धा, आणि त्यांचा कर्णधार रिशांक देवाडिगा. पावसमध्ये आंब्याला मोहोर धरला होता. दिवसभर फवारणी करून आलेली माणसं सामना पाहायला बसली. यूपीने ३४-२९ असा जिंकला. त्याच महिन्यात अनुपकुमारने निवृत्ती जाहीर केली. तो हंगाम तो जयपूरकडून खेळला होता, ज्या संघाने त्याला पहिल्या अंतिम सामन्यात हरवलं होतं त्याच संघाकडून.

पुढल्या लिलावात सिद्धार्थ तेलुगू टायटन्सकडे गेला, १ कोटी ४५ लाखांना. ओटीवर दोन तट पडले. एक म्हणत होता, पोराचं कल्याण झालं, चंदगडच्या शेतकऱ्याच्या मुलाला एवढे पैसे कोण देतो? दुसरा म्हणत होता, एका हंगामात वाढवलेलं पोर विकलं, मग संघ म्हणजे काय? दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं होतं. काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "तिकडं त्याला उठवायला कोण हाय?"

२०१९ च्या हंगामाने याचं उत्तर दिलं. सिद्धार्थने नव्या संघाकडूनही चढाईचे दोनशेहून अधिक गुण केले. त्याचा खेळ तोच होता. पण तेलुगू टायटन्स बाद फेरीपर्यंत गेला नाही. इकडे यू मुंबाकडे कुणी नामांकित चढाईपटू उरला नव्हता. अभिषेक सिंह आणि अर्जुन देशवाल ही तरुण पोरं आणि मागे फझलचा बचाव. हा संघ उपांत्य फेरीत पोहोचला आणि बंगाल वॉरियर्सकडून अवघ्या दोन गुणांनी, ३७-३५, हरला. बंगालनेच पुढे विजेतेपद घेतलं.

यापुढची गोष्ट पुन्हा पहिल्यासारखीच. अर्जुन देशवाल जयपूरला गेला, आणि २०२२ च्या हंगामात सर्वाधिक चढाईगुण मिळवून त्याने जयपूरला विजेतेपद मिळवून दिलं. यू मुंबाने ओळखलेली पोरं दुसरीकडे मोठी झाली. हा योगायोग म्हणावा एवढा थोडा वेळा घडलेला नाही.

पुण्याचं उदाहरण

या काळात महाराष्ट्रातच एक वेगळा प्रयोग झाला. पुणेरी पलटणने तरुण खेळाडूंना लहान वयात घेऊन स्वतःकडे घडवण्यावर भर दिला. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून या संघाने पहिलं विजेतेपद मिळवलं तेव्हा कर्णधार होता अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, ऐन पंचविशीच्या आतला. त्याच्याबरोबर मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते. बचावात इराणचा मोहम्मदरेझा शादलू हा मोठ्या किमतीचा खेळाडू होता, पण चढाईचा भार कुणा एकावर नव्हता. एक बसला की दुसरा त्याला उठवत असे, आणि दुसऱ्याला तिसरा.

यावरून हुकमी खेळाडू नकोच असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. प्रदीप नरवालने पाटण्याला सलग तीन विजेतेपदं मिळवून दिली, त्यांतल्या २०१७ च्या हंगामात त्याचे एकट्याचे चढाईगुण ३६९ होते. मोठा खेळाडू लागतोच. पण तो चाळीस मिनिटांतला किती वेळ मैदानात उभा असतो, हे त्याच्या हातात नसतं. हुतूतूच्या नियमकर्त्यांनी गनिमी आणि अमर हे दोन्ही पर्याय समोर असताना जी संजीवनी पुढे टिकली, तिच्या पोटात हा विचार आहे. मोठ्याला अमर करायचं नाही आणि कायमचं मारायचंही नाही. त्याचं परतणं लहानांच्या हाती ठेवायचं.

लिलावाचा व्यवहार या विचाराच्या आड येतो, कारण तो प्रत्येक खेळाडूला सुटा मोजतो. चाळीतल्या किंवा वाडीतल्या प्रेक्षकाला ते जमत नाही. त्याने खेळ जोडीजोडीने पाहिलेला असतो. कोण बसला आणि कोणी उठवला, असा. प्रेक्षकांच्या गप्पांना आपण फावल्या वेळचा उद्योग समजतो. पण जी गोष्ट आकडेवारीत येत नाही, तिचा हिशेब अनेकदा या गप्पांनीच ठेवलेला असतो.

आमच्या घरी तो हिशेब अक्षरशः ठेवलेला आहे. काकांनी २०१४ पासून यू मुंबाचा प्रत्येक सामना पाहताना मुलांच्या जुन्या शाळेच्या वहीत दोन रकाने आखले. डावीकडे 'बसला', उजवीकडे 'उठवला'. नावं अर्धवट, अक्षर गिचमीड, मधे वीज गेल्यामुळे सुटलेली जागा. गुण कुठेच लिहिलेले नाहीत. सामना कोण जिंकलं तेही नाही. डावीकडच्या रकान्यात मोठी नावं पुन्हा पुन्हा येतात. उजवीकडे मात्र अशी कितीतरी नावं आहेत की ती कोणाची, हे आज मला वही पाहूनही सांगता येत नाही.

काका आता नाहीत. भात कापून झालं की घरामागच्या मळ्यात पोरं अजून ढेकळं फोडतात, माती चाळतात आणि फक्की मारून पाट आखतात. मोबाइलवर पाहिलेल्या उड्या मारून पाहतात. प्रत्येकाला चढाईच करायची असते. गेल्या दिवाळीत मी बांधावर बसून पाहत होतो. वाडीतला सगळ्यांत चपळ पोरगा बाद झाला आणि बाजूला येऊन बसला. आत तिघेच उरले होते. कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका किरकोळ पोराने समोरून आलेल्याचा चवडा धरला, तोंडावर आपटला, पण धरलेला पाय सोडला नाही. बाहेरचा पोरगा उठून धावत आत गेला. जाता जाता त्याने खाली पडलेल्याच्या पाठीवर थाप मारली.

मी घरी येऊन वही काढली आणि तारीख घालून शेवटच्या पानावर ती दोन नावं लिहून ठेवली.